आघात, आठवण आणि उपचार

लोणावळ्याचा पाऊस म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर हिरवे डोंगर, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी, गरम भजी आणि चिक्कीची पुडकी उभी राहतात. आपणही याच पावसात लहानाचे मोठे झालो. पण आपल्याच वर्गात असा एक मुलगा होता की, पत्र्यावर पावसाची सर वाजू लागली की तो पेन खाली ठेवी आणि दाराकडे पाहत राही. तास संपेपर्यंत त्याच्या वहीत पुढची ओळ उमटत नसे.

त्याचे नाव-गाव मी येथे देत नाही. जे लिहितो आहे ते त्याच्या संमतीने. आम्ही पहिल्या वर्षाला असताना, आषाढात, गावाजवळचा ओढा ओलांडताना लोंढा आला आणि त्याचा धाकटा भाऊ वाहून गेला. भावाचा हात याच्या हातात होता. तो सुटला. महिन्याभराने तो महाविद्यालयात आला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "झालं गेलं विसरून जा रे. मन घट्ट कर." तो "हो" म्हणाला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्याने माझ्याजवळ त्या विषयाचा शब्द काढला नाही. मला वाटले, विसरला.

तो विसरला नव्हता. मी त्याचे बोलणे बंद करून टाकले होते. हे मला पुढे मानसशास्त्राचा अभ्यास करताना उमगले. ती चुटपुट हेच या लेखाचे निमित्त. मोठ्या आघातानंतर माणसाच्या मनात नेमके काय घडते, त्यावर कोणते मानसोपचार आहेत आणि आपल्यासारख्या सामान्य मित्रांनी काय करावे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

धसका म्हणजे काय?

इंग्रजीतील 'ट्रॉमा' हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ जखम. आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे. "पोरानं धसका घेतला," असे आपली आजी म्हणते, तेव्हा तिला हेच सांगायचे असते. भीती येते आणि जाते. धसका मात्र माणसात मुक्काम करतो.

या मुक्कामाची लक्षणे शास्त्रज्ञांनी चार गटांत मांडली आहेत. पहिले, घटनेचा पुनःप्रत्यय: नको असताना ती दृश्ये डोळ्यांपुढे येतात, स्वप्नात येतात. दुसरे, टाळाटाळ: ती जागा, तो विषय, ती माणसे माणूस चुकवू लागतो. तिसरे, विचारांतला व भावनांतला काळोख: दोष माझाच, जग विश्वासाचे नाही, आता कशातच गोडी नाही. चौथे, सततची सावधता: झोप लागत नाही, खुट्ट झाले तरी छाती धडधडते, राग नाकावर येतो. अशी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागली, तर त्या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकृती म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हे निदान आपल्या पुस्तिकेत अधिकृतपणे समाविष्ट केले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आघात सोसलेली बहुतेक माणसे काही आठवड्यांत, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आधाराने, आपोआप सावरतात. प्रत्येक रडणाऱ्याला रोगी ठरवणे चूक, आणि जो सावरत नाही त्याला दुबळा ठरवणे ही त्याहून मोठी चूक.

ही दुसरी चूक जुनी आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतले धडधाकट सैनिक थरथरू लागले, मुके झाले. चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली 'शेल शॉक' या नावाने अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अनेकांनी त्यांना भित्रे म्हटले. स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील युद्ध-रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर मात्र वेगळे सांगत होते. सैनिकांना घरचे-दारचे सर्वजण "ते सारे मनातून काढून टाक" असा सल्ला देत, आणि तो पाळण्याच्या खटाटोपातच त्यांचे दुखणे वाढे, असा त्यांचा अनुभव होता. शंभर वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण वाचताना मला माझीच पाठीवरची थाप आठवली.

आपल्या मातीतले आघात

युद्ध आपल्यापासून दूर आहे, पण आघात दूर नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री, आपल्या घाटाच्या पायथ्याकडच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी आपल्याच मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. याशिवाय घाटातले अपघात आहेत आणि चार भिंतींआड होणारी मारहाण व अत्याचार आहेत. या शेवटच्या आघातांचा ना पंचनामा होतो, ना बातमी छापून येते. पण माणसानेच माणसावर केलेला आघात मनावर अधिक खोल उमटतो, असे पुष्कळदा दिसते.

पडलेल्या घरांची मोजदाद होते, भरपाई मिळते. मनाच्या पडझडीकडे आपल्याकडे उशिरा लक्ष गेले. किल्लारीनंतर पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने, भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. दरडी आणि भूकंपानंतरच्या मदतीत तंबू व धान्याच्या जोडीने समुपदेशकही असला पाहिजे, हा विचार अशाच कामांतून रुजत गेला.

पहिल्या काही दिवसांत

घटना ताजी असताना उपचारांची घाई करू नये. १९८० च्या दशकात अशी पद्धत निघाली होती की, दुर्घटनेनंतर दोन-चार दिवसांत सर्वांना एकत्र बसवून काय काय पाहिले ते एकाच बैठकीत सांगायला लावायचे. हेतू चांगला होता. पुढे काळजीपूर्वक तपासणी झाली, तेव्हा दिसले की अशा एका बैठकीने नंतरचा विकार टळत नाही, आणि काहींना तर त्याचा त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात खोदून विचारण्याला जागा नाही. तिची तीन सूत्रे आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. सुरक्षितता आहे का, कोणाला तातडीची गरज आहे का, हे पाहा. माणूस जेवढे सांगेल तेवढे ऐका. गप्प बसला तर शेजारी बसा. मग त्याला त्याच्या माणसांशी, डॉक्टरांशी, मदतकार्याशी जोडून द्या. कोरडे कपडे, गरम चहा आणि हरवलेल्या नातेवाइकाचा ठावठिकाणा हीच पहिल्या दिवसाची औषधे.

उपचारांची वाट

महिना उलटूनही धसका हटत नसेल तर मात्र तज्ज्ञाकडे जावे. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वाटेचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, शेवटी पुन्हा माणसांत येणे. जिच्या घरात मारहाण अजून चालूच आहे, तिला जुन्या आठवणी उकरायला लावणे हा उपचार होत नाही. आधी मारहाण थांबली पाहिजे. हा क्रम ध्यानात ठेवून आता मुख्य पद्धती पाहू.

पहिली पद्धत सामोरे जाण्याची. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जोसेफ वोल्पे यांचे क्रमशः विसंवेदनीकरण परिचित आहेच. भीतीच्या वस्तूजवळ एकेक पायरीने जायचे, हे त्याचे तत्त्व. एड्ना फोआ यांनी आघातग्रस्तांसाठी सामोरे जाण्याची स्वतंत्र पद्धत विकसित केली. रुग्ण तज्ज्ञासमोर बसून त्या घटनेची हकीकत, ती आता घडते आहे अशा रीतीने, पुन्हा पुन्हा सांगतो. आणि ज्या निर्धोक जागा तो टाळत आला, तेथे हळूहळू जाऊ लागतो. साधारणतः आठ ते पंधरा बैठका लागतात. ऐकायला हे निष्ठुर वाटेल. पण टाळल्याने त्या क्षणापुरते बरे वाटते आणि भीती मात्र पोसली जाते. सुरक्षित जागी, ठरलेल्या मापाने, सोबतीने सामोरे गेले की मन शिकते: ही आठवण आहे, घटना नव्हे. ती दुखवते, पण बुडवत नाही.

दुसरी पद्धत विचारांची. आघातानंतर मनात काही वाक्ये रुतून बसतात. "मी हात सोडला नसता तर..." हे माझ्या मित्राचे वाक्य. पॅट्रिशिया रेसिक यांच्या उपचारपद्धतीत, बहुधा बारा बैठकांत, अशी अडकलेली वाक्ये हुडकून कागदावर मांडतात आणि पुराव्याच्या कसोटीला लावतात. पाण्याचा जोर किती होता? हात सोडला की सुटला? दुसऱ्या कोणाचा हात असा सुटला असता, तर त्याला तू खुनी म्हणाला असतास का? मराठी वाचकाला ही विचारसरणी अगदीच नवी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो, हे सूत्र त्यांच्या लेखनाने अनेक घरांत पोहोचवले. मात्र एक काळजी घ्यावी. दुःख अविवेकी नसते. भाऊ गेल्याचे दुःख राहणारच. उपचार करायचा तो 'मीच मारले' या आरोपावर.

तिसरी पद्धत ई. एम. डी. आर. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास तिचा आरंभ केला. रुग्णाने त्रासदायक आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी तज्ज्ञाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांचा डोळ्यांनी मागोवा घ्यायचा. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पद्धतीचा गुण येतो याबद्दल पुरावा चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधनिक-वर्तनोपचारांबरोबर हिचीही शिफारस केली.

चौथी पद्धत मला सर्वांत जवळची वाटते. जर्मनीतील शाउअर, नॉयनर आणि एल्बर्ट या अभ्यासकांनी ती युद्धातून पळालेल्या निर्वासितांसाठी बसवली. जमिनीवर एक दोरी पसरतात. ती त्या माणसाच्या आयुष्याची रेघ. जन्मापासून आजपर्यंत, सुखाच्या प्रसंगी फूल ठेवायचे आणि आघाताच्या जागी दगड. मग एकेका फुला-दगडाची कथा क्रमाने सांगत जायची. ऐकणारा ती लिहून काढतो आणि वाचून दाखवतो. धसका घेतलेल्या मनात आघाताला काळवेळ नसते, तो सदासर्वदा 'आत्ता' असतो. दोरीवर तो आपल्या जागी जातो. त्याच्या अलीकडे फुले होती आणि पलीकडे दोरी अजून शिल्लक आहे, हे डोळ्यांना दिसते.

लहान मुलांना शब्द सापडत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रे, माती, बाहुल्या, खेळ यांचा उपयोग करतात आणि आई-वडिलांना उपचारात बरोबर घेतात. दरडीत सापडलेले मूल पुन्हा पुन्हा ठोकळे रचून पाडत असेल, तर त्याला रागावू नये. ते आपल्या परीने गोष्ट सांगत असते.

काहींना औषधांचीही गरज लागते. ती मनोविकारतज्ज्ञानेच द्यावीत. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. दारूने झोप येते असे वाटते, पण धसका तसाच राहतो आणि व्यसन वर जडते.

देह, श्वास आणि लोणावळा

आघात शरीरातही साठतो: आवळलेला जबडा, उथळ श्वास, ताठ खांदे. म्हणून देहाच्या वाटेने मनाकडे जाण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. या संदर्भात आपल्या गावाचा अभिमानाने उल्लेख करावासा वाटतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजण्यास सुरुवात केली. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या आद्य संस्थांपैकी ही एक. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ आघाताचा त्रास असलेल्या स्त्रियांना इतर उपचारांच्या जोडीला योगवर्गाचा फायदा झाल्याचे दिसले.

'जोडीला' हा शब्द मात्र महत्त्वाचा. योग हा वरील उपचारांचा पूरक आहे, पर्याय नाही. डोळे मिटून शवासनात पडले की काहींना नेमके तेच दृश्य दिसू लागते. अशांना डोळे उघडे ठेवू द्यावेत, दाराजवळ बसू द्यावे, केव्हाही थांबण्याची मुभा द्यावी. आघाताच्या क्षणी माणसाच्या हाती काहीच उरलेले नसते. उपचारात त्याचे 'नको' ऐकले गेले पाहिजे.

शोकाला जागा

आपल्या समाजातही सावरण्याच्या रीती आहेत. दहावा, तेरावा, सांत्वनाला येणारी माणसे, शेजारच्या घरून येणारी भाकरी, संध्याकाळचे भजन: यांमुळे दुःखाला दिवस आणि माणसे मिळतात. पण देहच सापडला नाही तर? इर्शाळवाडीत कित्येक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली आणि शोध थांबवावा लागला. अशा वेळी शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही. कोणी दार वाजवले की वाटते, तोच आला. पॉलीन बॉस या अभ्यासक बाईंनी अशा अनिश्चित वियोगाचा आयुष्यभर अभ्यास केला. अशा कुटुंबाला "आता आशा सोडा" म्हणू नये आणि खोटी आशाही देऊ नये. आशा आणि शोक दोन्ही बरोबर घेऊन जगायला त्यांना सोबत करावी, असा त्यांच्या विचारांचा सारांश सांगता येईल.

आणखी एका गटाकडे आपले दुर्लक्ष होते. दरीत उतरून, धरणात बुड्या मारून देह वर आणणारी आपल्या भागातली तरुण मुले. त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. रात्री त्यांना झोप लागते का, हे कोणी विचारत नाही. धसका पाहणाऱ्यालाही बसतो.

आपण काय करावे?

पहिले, आघातग्रस्ताला बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारे-धुपाऱ्यांत वेळ दवडू नये. दुसरे, मदत कोठे मिळते हे माहीत करून घ्यावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. तिसरे, जीव देण्याचे विचार कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये, आणि ते गुपित म्हणून पोटात ठेवू नये. चौथे, आणि आपल्या सर्वांच्या हातचे: ऐकायला शिकावे.

मी ते उशिरा शिकलो. गेल्या वर्षी श्रावणात एकदा आम्ही दोघे स्टेशनवर बसलो होतो. पाऊस सुरू झाला. मी म्हणालो, "मागे मी तुला विसरून जा म्हणालो, ते माझं चुकलं. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तरी मी बसलोय." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्याच्या हातात माझं घड्याळ होतं रे. त्यानं हट्टानं घेतलं होतं." त्या दिवशी एवढेच. पुढे तो स्वतः होऊन पुण्याला एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागला. चार महिने दर आठवड्याला लोकलने जाई. कधी मी बरोबर असे, बाहेरच्या बाकावर. एक दिवस तो त्या ओढ्यापर्यंत जाऊन आला, आणि येताना आईला पहिल्यांदा सगळी हकीकत सांगितली. पावसात तो अजूनही दाराकडे पाहतो. पण नंतर पेन उचलतो.

त्या स्टेशनवर बसले की घाट चढून आलेल्या गाड्या दिसतात. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती गाडीला मागून रेटा देत घाट चढवतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. पुढची वाट गाडी आपली आपण धरते. तज्ज्ञ असो की मित्र, त्याचे काम एवढेच आहे. चढ त्याच माणसाने चढायचा आहे. चढ संपेपर्यंत आपण मागून हटायचे नाही.